रंग मात्र तंतोतंत

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. माणसाने पन्नाशी ओलांडली की त्याच्या अनुभवाची कुठेतरी नोंद राहायला हवी. वाचणार कोणी नाही. हिच्या हाती लागली तर ही याच वहीत किराण्याची यादी लिहील, म्हणून वही रंगांच्या जुन्या शेडकार्डांच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे.

काल लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा जाऊन आलो. लग्न दोघांनी आपापसात ठरवलं, दोन्ही घरांना नुसतं कळवलं. माणसं चांगली आहेत. व्याह्यांची बेकरी आहे, अजून स्वतः ओव्हनसमोर उभे राहतात. विहीणबाई शाळेत गणित शिकवतात आणि समोरच्या माणसाकडेही उत्तर तपासल्यासारख्या बघतात.

जेवणाआधी व्याह्यांनी बुटक्या ग्लासात एक लाल पेय दिलं. व्हिस्की, गोड व्हर्मुथ म्हणून एक मसाल्याची वाइन असते ती, आणि एक कडू लाल लिकर. आत बर्फाचा एकच मोठा ठोकळा, वर संत्र्याच्या सालीची पट्टी. आधी कडू, मागून गोड. नाव फ्रेंच आहे, मला उच्चारता आलं नाही, लिहिता तर मुळीच येणार नाही. मी त्याला 'लाल' म्हणणार. रंग मात्र असा की सत्तावीस वर्षं पेंटच्या दुकानात शेड जुळवणाऱ्या माणसाला गप्प बसवेना. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी टिश्यूपेपरचं टोक ग्लासात बुडवलं आणि खिशात ठेवलं. धंद्याची सवय.

व्याह्यांनी विचारलं, कसं वाटलं. मी म्हणालो, छान आहे, घरी मी करतो ते जरा वेगळं असतं.

असं का म्हणालो ते आठवत नाही. वाक्य तोंडात तयारच होतं. व्याही खुलले. म्हणाले, बावीस तारखेला आम्ही येतोच आहोत, तुमच्या हातचं घेऊ. मी म्हणालो, अवश्य. लेकीने माझ्याकडे पाहिलं. ही आपल्या ताटाकडे बघत राहिली.

आमच्या घरात आजवर लिंबाच्या सरबतापलीकडे काही ढवळलं गेलेलं नाही. पण वीस दिवस आहेत. तीन बाटल्या आणि एक चमचा. त्यात अवघड ते काय.

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.

लेक ऑफिसातून आली ती थेट माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाबा, शाळेत असताना तुम्ही माझ्या बाईंना सांगितलंत की तुम्ही बुद्धिबळ शिकवता, तेव्हा मी हसले. शेजाऱ्यांना सांगितलंत की तुम्हाला जर्मन येतं, तेव्हाही हसले. पण या लोकांबरोबर मला राहायचंय. ते तुमचं सगळं खरं धरून चाललेत. उद्या हे खोटं निघालं तर माझा शब्दही ते दोनदा तपासतील.

मग तिने दोन पर्याय दिले. एक, आत्ता फोन करून सांगून टाका की मला ते पेय करता येत नाही. दोन, निदान त्या संध्याकाळी कशातलेही जाणकार होऊ नका.

मी दुसरा घेतला. पहिल्याची गरजच नाही. बावीसपर्यंत मला ते पेय येणार, म्हणजे माझं वाक्य खरं होणार. जरा उशिरा होईल, एवढंच.

तिचा चेहरा उतरला होता हे खरं. ते मला आवडलं नाही. जगात कोणासमोरही तोंडघशी पडलो तरी चालेल, या मुलीसमोर नाही. हे इथे लिहून ठेवतो, तिला सांगणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

बाटल्या आणल्या. दारूच्या दुकानातला माणूस उगाच बोलका. न विचारता सांगत होता की तिन्ही सारख्या घ्या, फार तर व्हिस्की थोडी जास्त, बर्फात अर्धा मिनिट ढवळा, झालं. मी हो हो म्हटलं, लक्षात ठेवलं नाही. प्रमाणं नवशिक्यांसाठी असतात. आमच्या कामात आधी नमुना बघायचा आणि मग थेंबाथेंबाने त्याच्याजवळ जायचं. रंग जुळला म्हणजे आतलं जुळलंच. खिशात टिश्यू आहे. सुकलाय, पण रंग शाबूत.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.

प्रयोग पहिला. टिश्यूवरचा रंग तपकिरीकडे झुकलेला, आपलं पेय भलतंच भडक. कडू लिकर वाढवलं, मग कॉफीचे चार थेंब, मग आणखी आठ. आठव्याला जुळलं. हिला चमचाभर दिलं. ही बेसिनकडे धावली. परत आल्यावर म्हणाली, खोकल्याचं औषध यापेक्षा बरं.

मी स्वतः घेतलं. आधी कडू, मागून गोड. अगदी व्याह्यांसारखं. निष्कर्ष: माझी जीभ मुरलेली आहे, त्यामुळे तिला उणीदुणी जाणवत नाहीत. यापुढे चाचणीसाठी सामान्य जीभ वापरायची, म्हणजे हिची.

त्याच वेळी गॅसवरचं दूध करपलं. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, तरी ही बाल्कनीतून ओरडत आली की जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्ही काय झोपलात. झोपलो नव्हतो. माझी एकाग्रता दांडगी आहे, हे या घरात कोणाला सांगून पटत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी, दुकानात.

थिनर बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. पूर्वी डबा उघडला की डोळ्यांत पाणी यायचं, डोकं हलकं व्हायचं. आता उघडा, नाक आत घाला, काही नाही. सरळसरळ पाणी मिसळतात. मालक म्हणाले, मला तर चांगला उग्र येतोय. मालकांना धंदा कळतो, माल कळत नाही.

एकूणच दर्जा उतरलाय. कॉफी पूर्वीची राहिली नाही. साबण नुसता फेस. हिच्या कुंडीतला मोगरासुद्धा हल्ली नावाला फुलतो. कोणीतरी बोलायला हवं, म्हणून मी बोलतो.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

चूक सापडली. ओला रंग आणि सुकलेला रंग कधीच सारखा नसतो, सुकला की गडद होतो. हे मी गेली सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. आणि स्वतः चार दिवस सुकलेल्या टिश्यूशी ओलं पेय जुळवत बसलो होतो. दोष टिश्यूचा आहे. चांगल्या कागदावर असं झालं नसतं.

व्हिस्की अर्ध्याच्या खाली गेली आहे. हिने विचारलं, पाहुण्यांसाठी काही उरणार आहे का. मी दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी.

प्रयोग सातवा, आठवा, नववा. आज ही स्वतःच स्टूल ओढून बसली. म्हणाली, तुम्ही ओता, मी सांगते. ते कडू कमी करा. व्हिस्की अजून. थांबा. आता बर्फ. ढवळा, वाटेत थांबू नका. मी तिला बोलू दिलं, माणसाला आपला सहभाग आहे असं वाटायला हवं.

नवव्याला तिने चमचा चाखला, थांबली, आणि न सांगता दुसरा घेतला. म्हणाली, हे बरं झालंय. मग जरा वेळाने म्हणाली, छानच झालंय हो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझ्या हातच्या कशालाही ती असं म्हणाल्याचं आठवत नाही. मला एकदम भरून आलं. पेयाचा रंगही तसाच होता, त्या दिवशी ग्लासात पाहिला तसा.

प्रमाण तिने वाण्याच्या यादीमागे टिपून ठेवलं. ठेवू दे. मी बरणीभर करून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवलं.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आईने केलं ना, मग ठीक आहे. तपशिलात चुकतात ही मुलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ९.

दुकानाचा नियम: शेड मंजूर झाली की तिचा पक्का नमुना बाजूला काढायचा. पुढे कधीही वाद झाला तर नमुना दाखवायचा. आमच्या लालचाही नमुना हवा. पण खऱ्या पेयातलं बाजूला काढायचं म्हणजे तेवढं प्यायला कमी. म्हणून निव्वळ रंगाचा नमुना तयार केला. कोरा कडक चहा, बीटचा रस, आणि दाटपणा सारखा यावा म्हणून साखरेचा पाक. दुकानातल्या जाळीतून पाच वेळा गाळलं. पावणेदोन तास लागले, दुकानात उशिरा पोचलो, पण काय जमलंय. खऱ्या पेयाशेजारी धरलं तर परमेश्वरालाही सांगता येणार नाही कुठलं कुठलं.

जास्तीचं झाकण सापडलं नाही. वर बशी ठेवून बरणी खिडकीत ठेवली. उजेडात रंग टिकतो की नाही तेही कळेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

ही म्हणते, स्वयंपाकघरात काहीतरी सडलंय. मी जाऊन चारही कोपऱ्यांत वास घेतला. काहीही नाही. तिला सांगितलं, पाहुण्यांचं दडपण आलं की माणसाला असे भास होतात. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.

लेकही म्हणाली, घरात पाऊल टाकवत नाही. दोघींनी मिळून ओट्याखालचं कपाट रिकामं केलं, कांदेबटाटे बाहेर ओतले, कचऱ्याचा डबा घासला. मीही मदत केली. खिडकीपाशी उभं राहून सूचना दिल्या.

वाद वाढू नये म्हणून उद्या प्लंबर बोलावलाय. वास नसला तरी दोघींचं समाधान होईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ९.

अर्धी रजा काढली. प्लंबर दारातच थबकला, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, केव्हापासून आहे हे. त्यांच्या धंद्यात असं करावं लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही. त्याने बेसिनचा पाइप सोडवला, त्यातून एक चमचा निघाला, पाइप परत बसवला.

तो काम करत होता तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की उन्हाने नमुन्याचा रंग किंचित फिकटलाय. खाद्यरंगाचे तीन थेंब घालून दुरुस्त केला, झाकणाच्या बरणीत ओतला, झाकण गच्च आवळलं आणि फ्रिजमध्ये खऱ्या बरणीच्या डावीकडे ठेवला. बरण्याही आता अगदी सारख्या.

संध्याकाळपर्यंत वास गेला, असं दोघी म्हणतात. प्लंबरचं केवढं कौतुक. मी बोललो नाही, पण जे नव्हतंच ते घालवायला फार कसब लागत नाही.

हिने फ्रिज उघडला आणि म्हणाली, दोन्ही बरण्या एकसारख्या दिसतात, चिठ्ठी लावून ठेवा. मी हसलो. दुकानात दोनशे डबे आहेत. आजवर एकालाही चिठ्ठी लावलेली नाही. हा डोळा कशासाठी आहे मग.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८:३०.

लेकीने दोन्ही मनगटं पुढे केली. म्हणाली, बाबा, लग्नाच्या दिवशी कुठलं अत्तर लावू. किती लहान वाटली एकदम. मी दोन्ही नीट हुंगली, विचार केला आणि डावं सांगितलं. म्हटलं, उजवं जरा भडक आहे, डाव्यात सोज्वळपणा आहे.

ती म्हणाली, डाव्यावर काहीच लावलेलं नाही.

मी म्हणालो, तेच तर, साधेपणासारखं काही नाही. ती हसली नाही. तिने विचारलं, डॉक्टरकडे जायचं का, मी येते बरोबर. मी विचारलं, कशासाठी. ती म्हणाली, नाकासाठी. आता काय बोलायचं. रोज आठ तास रंगांच्या वाफेत उभा राहणारा माणूस मी. माझ्या नाकाला जेवढा सराव आहे तेवढा तिच्या डॉक्टरच्या नाकालाही नसेल. तसं तिला सांगितलं. ती पर्स उचलून ऑफिसला गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्याचे संकल्प. १. कशातलाही जाणकार व्हायचं नाही. २. विचारलं तरच बोलायचं. ३. बेकरीच्या ओव्हनबद्दल मत द्यायचं नाही. ४. पेय स्वयंपाकघरात एकट्याने भरायचं, दार लावून. शेड मिसळताना आत कोणी नको, हा दुकानाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६:३०.

तयारी चोख. बर्फाचे ठोकळे वाडग्यात गोठवले. संत्र्याच्या साली लेकीने कापून दिल्या. नवा शर्ट, शेड फिकट राखाडी, लालला उठाव येतो.

एक छोटी बाब. व्याह्यांनी दुपारीच माणसाबरोबर केक पाठवला आणि त्याला जागा करायला हिने फ्रिज उलटापालटा केला. दोन्ही बरण्या आता वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. उजवी-डावी उरलेली नाही. हरकत नाही. दोन्ही खिडकीपाशी नेल्या, उजेडात धरल्या.

काडीचाही फरक नाही. वरून, खालून, तिरकं धरून, पांढऱ्या बशीसमोर, काळ्या तव्यासमोर. कुठेच नाही. स्वतःच्या कामाला स्वतःच फसावं यापेक्षा मोठी पावती नाही. खरं तर सत्तावीस वर्षांतला सर्वांत चांगला मेळ मी या स्वयंपाकघरात घातलाय आणि तो कोणाला दाखवता येत नाही, हेच दुःख.

शेवटी वास घेऊन खात्री केली. पहिल्या बरणीला काही वावगं वाटलं नाही. हीच. दुसरी फ्रिजमध्ये मागे सारली. एक्झॉस्ट फॅन लावून ठेवलाय, आत गरम होतंय. बेल वाजली.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७:४०. स्वयंपाकघरातून, घाईत.

पहिली फेरी दिली. थाटात. ट्रे मी स्वतः नेला. व्याह्यांनी ग्लास उजेडात धरला, म्हणाले, वा, रंग काय आणलाय. मग नाकाशी नेला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हळवा माणूस. एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला. बेकरीवाले, चवीची कदर आहे. विहीणबाईंनी ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला, पितच नव्हत्या, संपू नये म्हणून असेल. जावई खोकला.

मी संकल्प पाळत होतो, पण सगळे माझ्याकडेच बघत होते, बोलावंच लागलं. मोठा घोट घेऊन सांगितलं की आधी जिभेवर कडवटपणा येतो, मग मागून गोडवा, आणि अगदी शेवटी पिंपाच्या जुन्या लाकडाचा सुगंध, तो ओळखायला मात्र वर्षं जातात. जरासा आंबटपणा आहे, तो संत्र्याचा. व्हिस्की जाणवतसुद्धा नाही, इतकी मिसळून गेली आहे.

हिने ग्लास खाली ठेवला.

व्याह्यांनी दुसरा घोट घेतला. खरा दर्दी. दुसरी फेरी भरायला आत आलोय. लेक मागोमाग येते आहे, वही ठेवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

लिहायला नको वाटतंय. पण क्रमाने लिहिलं की चूक कुठे झाली ते कळतं.

लेक आत आली. मला वाटलं, चिडली असेल. चिडली नव्हती. तिने दार लावलं, ओट्यावरची बरणी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली. विचारलं, बाबा, कसला वास येतोय. मी म्हणालो, संत्र्याचा, व्हिस्कीचा. तिने फ्रिजमधली मागची बरणी काढली, तीही धरली. म्हणाली, आणि याचा. मी म्हणालो, तोच. म्हणाली, डोळे मिटून सांगा. मी डोळे मिटले. आणि मग मला काही सांगता येईना. दोन्हींत काहीच नव्हतं. मी जोरात श्वास घेतला, परत घेतला. नुसती हवा आत येत होती.

तिने मागच्या बरणीतलं चमचाभर दिलं. घसा जळला. पहिलीतलं दिलं. जळला नाही.

ती म्हणाली, बाबा, हे सडलेलं बीट आहे. आठवडाभर घरात हाच वास होता.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भारावून आलेलं नव्हतं हे मला आता ओळखता येतं, व्याह्यांचंही.

बाहेर जाऊन मी सांगितलं. सगळं. की तुम्ही प्यालात ते चहा, बीट आणि साखर होतं, दहा दिवसांपूर्वीचं. की हे पेय मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याच घरी घेतलं, घरी करतो ही थाप होती. की यात लेकीचा काही दोष नाही, तिने मला तीन तारखेलाच सांगितलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, थापेचं आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, ज्याला नाव उच्चारता येत नाही तो ते घरी कसं करणार. व्याही म्हणाले, तुम्ही टिश्यू बुडवून खिशात घातलात ना, मी पाहिलं. मला वाटलं, आमच्या गालिच्यावर थोडं सांडलं आणि डाग त्याचाच का ते तुम्ही जुळवून बघताय.

मग ते हसायला लागले. इतके हसले की जावयाने पाणी आणून दिलं. मी विचारलं, घाण होतं तर दुसरा घोट का घेतलात. म्हणाले, तुम्ही लाकडाच्या सुगंधाचं सांगितलंत, म्हटलं, वीस दिवसांत खरंच शिकला असाल, आपल्यालाच कळत नसेल.

खरी बरणी हिने आणली, हिनेच ओतली. व्याह्यांनी घोट घेतला, म्हणाले, वहिनी, हे माझ्याहून सरस आहे. हिने सांगितलं, रंग यांचा आहे. व्याही म्हणाले, हो, रंग मात्र तंतोतंत.

लेक माझ्या शेजारी येऊन बसली. हात धरून बसली होती, जाईपर्यंत.

२३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

दिवसभर घरात हिंडलो. कॉफी: नाही. कांदा: नाही. साबण: नाही. मोगरा: नाही. हिच्या साडीचा पदर: नाही. हिने विचारलं, काय चाललंय. म्हटलं, काही नाही.

लेक तान्ही असताना मांडीवर घेतली की तिच्या टाळूचा वास यायचा. दुधाचा, उन्हाचा, काय तो. नंतर यायचा बंद झाला. मला वाटलं, मुली मोठ्या झाल्या की तसं होतं.

तिला विचारलं, गुरुवारी उजव्या मनगटावर काय लावलं होतंस. म्हणाली, मोगरा. म्हटलं, तेच लाव.

डॉक्टरकडे बुधवारी. ती येणार आहे बरोबर.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुकानात, ११.

पक्का नमुना ओतून टाकला. खऱ्या बरणीला चिठ्ठी लावली.

थिनरचा नवा डबा उघडला. नाक आत घातलं. मालकांना हाक मारून विचारलं, कसा आहे. ते लांबूनच म्हणाले, नेहमीसारखा.

कंपनीला पत्र लिहिलं. सात तारखेची तक्रार मागे घेतो. माल चांगला आहे.